बियाणं किती विकलं? ट्रेड डेडलाइनचे सौदे पारखताना

भारतात बसून मेजर लीग बेसबॉल बघणाऱ्याला वर्षातून एकदा तरी पहाटे साडेतीनचा गजर लावावा लागतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. घड्याळात सहा वाजतात आणि त्या ठोक्याला संघांची आपापसांत खेळाडूंची देवाणघेवाण करायची मुदत संपते. हीच ट्रेड डेडलाइन. तारीख दरवर्षी थोडी सरकते: २०२२ साली २ ऑगस्ट होती, २०२४ साली ३० जुलै. घरचे झोपलेले असतात आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता फोन घेऊन बसतो. पहिल्यांदा जागलो तेव्हा निम्मं डोक्यावरून गेलं. कोण कुठे गेला ते कळत होतं; बरं झालं की वाईट, हे मात्र दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाटलेल्या ‘अ’, ‘ब’, ‘क’ श्रेणी वाचून ठरवायचो. त्या श्रेणींवर विसंबून इतक्यांदा तोंडघशी पडलो की शेवटी एक दोनशेपानी वही आणली. खाली जे सांगतोय ते त्या वहीतून आलंय.

आधी नियम, चुटकीसरशी

३० संघ, प्रत्येकी १६२ सामने, मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. ऑक्टोबरात बाद फेऱ्या. २०२२ पासून तिथे १२ संघ पोचतात: दोन लीग, प्रत्येकीतून तीन गटविजेते आणि तीन ‘वाइल्ड कार्ड’वाले, म्हणजे गट न जिंकताही चांगल्या कामगिरीवर आत येणारे.

डोक्यात आयपीएल असेल तर दोन गोष्टी बाजूला ठेवा. इथे हंगाम ऐन भरात असताना खेळाडू संघ बदलतो, आज या डगआउटमध्ये तर उद्या त्या. आणि बहुतेकदा खेळाडूच्या बदल्यात खेळाडूच द्यावे लागतात. नुसती थैली रिकामी करून मोठं नाव उचलता येत नाही. ज्याचा सौदा होतो त्याला सहसा कुणी विचारत नाही. मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं काढली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तर नकाराचा हक्क मिळतो. काही जण करारातच तसं कलम घालून घेतात. बाकीच्यांनी बॅग भरायची.

हे किती विचित्र असतं ते बघायचं तर २९ जुलै २०१५ ची रात्र घ्या. न्यूयॉर्कचं सिटी फील्ड. मेट्सचा शॉर्टस्टॉप विल्मर फ्लोरेस मैदानावर असतानाच प्रेक्षकांच्या फोनवर बातमी आली की त्याला मिलवॉकीला दिलं. बातमी स्टँडमधून त्याच्यापर्यंत पोचली. सोळाव्या वर्षी या क्लबात आलेला पोरगा. तो आपल्या जागेवर उभा राहून डोळे पुसत होता आणि कॅमेरे त्याच्यावर रोखलेले. गंमत अशी की सौदा झालाच नाही. समोरून येणाऱ्या खेळाडूच्या खुब्याच्या तपासणीवरून तो फिसकटला. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, मेट्सनी डेट्रॉइटकडून योएनिस सेस्पेडेसला आणलं आणि त्याच रात्री फ्लोरेसने १२व्या इनिंगमध्ये होम रन ठोकून सामना जिंकून दिला. बेसवरून परतताना जर्सीवरचं ‘मेट्स’ त्याने मुठीत धरलं होतं. तो संघ त्या वर्षी वर्ल्ड सीरीजपर्यंत, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेपर्यंत गेला.

या प्रसंगावरून मला एक सवय लागली. वैद्यकीय तपासणी झाली, दोन्ही संघांनी जाहीर केलं, असं होईपर्यंत वहीत पेनाने लिहायचं नाही. पेन्सिल.

पायरी १: संघ कुठे उभा आहे ते बघा

सौदा वाचण्याआधी गुणतक्ता उघडा. डेडलाइनपर्यंत साधारण १०८ सामने झालेले असतात आणि ५४ च्या आसपास उरलेले, म्हणजे हंगामाचा एक तृतीयांश. तुमचा संघ गटात पहिला आहे का, वाइल्ड कार्डच्या जागेपासून किती सामने मागे आहे, आणि मध्ये किती संघ घुसलेले आहेत, एवढं कागदावर मांडा. चार सामने मागे असणं आणि चार सामने मागे असून वाटेत पाच संघ असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाचही जण एकदम घसरतील अशी आशा कोण धरणार?

मग धावांचा फरक बघा: केलेल्या धावा वजा दिलेल्या धावा. जय-पराजयाचा आकडा थोडा नशिबाचा असतो, कारण एका धावेने जिंकलेले-हरलेले सामने त्याला फुगवतात किंवा खाली ओढतात. धावांचा फरक सहसा इतका खोटं बोलत नाही. फॅनग्राफ्सच्या साइटवर प्रत्येक संघाची बाद फेरी गाठण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते, तीही नोंदवा.

आता त्या टक्क्यांतली खुबी. ज्याची शक्यता ९५ टक्के आहे त्याला आणखी एक विजय मिळाला तर पोचण्याच्या दृष्टीने विशेष फरक पडत नाही. ५ टक्केवाल्यालाही नाही. खरी ओढाताण मधल्यांची असते, चाळीस ते साठच्या पट्ट्यातल्यांची. त्यांच्यासाठी सप्टेंबरातला एक जादा विजय सोन्याचा. त्यामुळे तोच खेळाडू तेवढ्याच किमतीत एका संघासाठी शहाणपणाचा ठरतो, दुसऱ्यासाठी उधळपट्टी.

२०२१ चे अटलांटा ब्रेव्ह्ज घ्या. १० जुलैला त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू रोनाल्ड अकुन्या ज्युनियर गुडघ्याचा लिगामेंट फाटून हंगामाबाहेर गेला. डेडलाइनच्या दिवशी विजयांपेक्षा पराभव जास्त होते. अनेकांना वाटलं, आता हे विकायला काढणार. पण धावांचा फरक अधिक बाजूला होता आणि त्यांच्या गटात कुणीच सुसाट सुटलेलं नव्हतं. जनरल मॅनेजर अ‍ॅलेक्स अँथोपोलोस यांनी विकत घ्यायचं ठरवलं. विजय पराभवांच्या पुढे गेले ते थेट ६ ऑगस्टला, हंगामात पहिल्यांदा. पुढची गोष्ट दुसऱ्या पायरीत.

पायरी २: भोक कुठे आहे ते शोधा

नवखा प्रेक्षक इथेच चुकतो, आणि मीही इथेच सगळ्यात जास्त चुकलोय. आपण येणाऱ्याचं नाव बघतो, तो कुणाच्या जागी येतोय हे बघत नाही.

यासाठी ‘वॉर’ हा आकडा उपयोगी पडतो. मायनर लीगमधून (मोठ्या लीगखालच्या, पोरं घडवणाऱ्या स्पर्धांमधून) कधीही, जवळपास फुकटात बोलावता येईल अशा कामचलाऊ खेळाडूपेक्षा हा माणूस पूर्ण हंगामात संघाला किती विजय जास्त मिळवून देतो, त्याचा तो अंदाज. २ म्हणजे नियमित खेळणारा ठीकठाक खेळाडू, ६ म्हणजे मोठा तारा, शून्याखाली म्हणजे त्याच्याऐवजी कुणालाही उभं केलं तरी चालेल.

एक पान मांडून दाखवतो. समजा, तुमच्या संघाने ६ वॉरचा तारा आणला, आणि त्याच्या जागी आधी २ वॉरचा माणूस खेळत होता. वर्षाचा फरक ४. पण उरलाय एक तृतीयांश हंगाम, म्हणजे पदरात पडले साधारण १.३ विजय. आता दुसरा संघ. त्यांच्या डाव्या फिल्डमध्ये वर्षाला उणे १.५ च्या गतीने नुकसान करणारा खेळाडू आहे आणि त्यांनी अडीच वॉरचा, कुणाला नावही नीट न आठवणारा माणूस आणला. फरक पुन्हा ४. विजय पुन्हा १.३. पहिल्या सौद्यावर टीव्हीवर तासभर चर्चा होईल, दुसऱ्याची पट्टी खालून सरकून जाईल. किमतीत मात्र दहापट फरक.

ब्रेव्ह्जनी नेमकं हेच केलं. अकुन्या गेल्यावर त्यांच्या आउटफिल्डला अक्षरशः भगदाड पडलं होतं. त्यांनी जुलैत चार आउटफिल्डर गोळा केले: जॉक पेडरसन, अ‍ॅडम डुव्हॉल, एडी रोझारिओ आणि होर्हे सोलेर. यादी वाचून मी तेव्हा वहीत ‘जुन्या बाजारातली खरेदी’ असं लिहिलं होतं, आणि ते पान आजही फाडलेलं नाही. सोलेर कॅन्सस सिटीसाठी .१९२ ने फलंदाजी करत होता, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम १९ हिट. रोझारिओ तर जखमी यादीत होता आणि त्याच्या बदल्यात क्लीव्हलँडला गेला पाब्लो सँडोव्हाल, ज्याला त्यांनी लगेच मोकळं केलं. चौघांसाठी मिळून ब्रेव्ह्जनी जे दिलं त्यात त्या वेळच्या पहिल्या शंभर होतकरूंमधलं, म्हणजे मायनर लीगमधल्या आशादायक पोरांच्या यादीतलं, एकही नाव नव्हतं.

मग काय झालं? ८८ विजयांनी गट जिंकला. त्या वर्षी बाद फेरीत पोचलेल्यांत सगळ्यात कमी विजय त्यांचेच. रोझारिओ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, सोलेर तीन होम रन मारून वर्ल्ड सीरीजचा सर्वोत्तम खेळाडू, आणि पेडरसन गळ्यात मोत्यांची माळ घालून मिरवत होता. सोलेर ऑक्टोबरात असा पेटेल हे कुणालाच माहीत नव्हतं, अँथोपोलोसनाही नाही. पण भोक दिसत होतं, ते बुजवायला चार स्वस्त माणसं लागतील हे दिसत होतं, आणि चारांपैकी दोन चालले तरी भागेल हा हिशोब त्या दिवशीही पटण्यासारखा होता. माझं चुकलं ते नावं वाचण्यात.

ऑक्टोबरचा हिशोब थोडा वेगळा असतो. बाद फेरीत मध्ये सुट्टीचे दिवस असल्यामुळे तीन-चार स्टार्टिंग पिचरवर (सामन्याची सुरुवात करणाऱ्या चेंडूफेक्यांवर) भागतं आणि पाचव्याला बाकावर बसवतात. उलट, शेवटच्या इनिंगांमध्ये येणाऱ्या रिलीव्हरचं महत्त्व एकदम वाढतं. २०१६ मध्ये क्लीव्हलँडने यांकीजकडून अँड्र्यू मिलर आणला. त्या ऑक्टोबरात त्याने १९ इनिंगांहून थोडं जास्त पिचिंग केलं आणि ३० जणांना स्ट्राइकआउट केलं. मॅनेजर त्याला पाचव्या-सहाव्या इनिंगमध्येही आणायचा, जिथे सामना अडकलेला असेल तिथे. ५४ सामन्यांच्या गणितात रिलीव्हर छोटा दिसतो, म्हणून आधीच बाद फेरी नक्की झालेल्या संघाने रिलीव्हर घेतला तर नाक मुरडू नका.

पायरी ३: माणूस किती दिवसांसाठी आला?

प्रत्येक नावापुढे एक वर्ष लिहा: त्याच्यावरचा संघाचा हक्क कधी संपतो. खेळाडू मोठ्या लीगमध्ये आल्यावर सेवेची सहा वर्षं भरेपर्यंत संघाच्या ताब्यात असतो. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये तो ७,६०,००० डॉलर होता), नंतर लवादाने वाढत जाणाऱ्या पगारावर. सहा वर्षं भरली की तो मोकळा, हवं तिथे सही करू शकतो.

हंगामाअखेरीस मोकळा होणाऱ्याला तिकडे ‘रेंटल’ म्हणतात, आपल्या भाषेत भाड्याचा. दोन-तीन महिन्यांसाठी आलेला. त्याची किंमत कमी असायला हवी, आणि आणखी एका कारणाने: मोकळ्या होणाऱ्या मोठ्या खेळाडूला जुना संघ एक ठरावीक एक-वर्षीय प्रस्ताव देऊ शकतो. त्याने तो नाकारून दुसरीकडे सही केली तर जुन्या संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत) जादा निवड मिळते. हंगामाच्या मध्यावर आलेल्या खेळाडूबाबत नव्या संघाला हे करता येत नाही. तो गेला की गेला, मागे काहीच उरत नाही.

दुसऱ्या टोकाला हुआन सोटो. २ ऑगस्ट २०२२ ला वॉशिंग्टनने त्याला सॅन डिएगोला दिलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याने नुकताच १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला होता, पण संघाचा हक्क २०२४ अखेरपर्यंत होता. म्हणजे पॅड्रेसना तीन ऑक्टोबर मिळणार होते. म्हणून किंमतही तशी: सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वूड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना हे पाच तरुण, शिवाय ल्यूक व्हॉइट. (व्हॉइटच्या जागी आधी एरिक हॉस्मरचं नाव होतं. त्याने नकाराचं कलम वापरलं आणि तो बॉस्टनला गेला.) सोटोबरोबर जॉश बेलही आला, पण बेल भाड्याचा होता. हा सौदा आपण शेवटी पुन्हा उघडणार आहोत.

पायरी ४: बियाणं मोजा

मायनर लीगच्या साऱ्या जाळ्याला अमेरिकन लोक ‘फार्म’ म्हणतात, शेत. मला हा शब्द फार पटतो. आमच्या गावाकडे पुढच्या पेरणीचं बी वेगळ्या कणगीत ठेवायचे आणि कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. पाहुणे आले म्हणून बियाण्याचे गहू दळायला पाठवले तर त्या दिवशीच्या पोळ्या छान होतात. प्रश्न येतो तो जून उजाडल्यावर.

पण शेतकऱ्याला हेही माहीत असतं की पेरलेलं सगळं उगवत नाही. होतकरूंचं तसंच. म्हणून ‘आमच्या संघाने भविष्य विकलं’ ही ओरड ऐकली की दोन-तीन गोष्टी तपासा. पोरगा किती वर्षांचा आहे आणि कुठल्या पातळीवर खेळतोय? २० व्या वर्षी डबल-ए मध्ये (मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली) टिकलेला पोरगा म्हणजे सोनं. २५ व्या वर्षी तिथेच असलेल्याबद्दल कमी हळहळा. पिचर आहे की फलंदाज? पिचरचा कोपर कधी दगा देईल याचा नेम नसतो, म्हणून तोलामोलाचे दोघे असतील तर मी फलंदाजाचं पारडं जड धरतो. आणि घरात त्याच जागेवर आधीच कुणी घट्ट बसलेला आहे का? ज्या संघाकडे पंचविशीतला उत्तम कॅचर आहे त्याने दुसरा होतकरू कॅचर दिला तर ते दुखण्यासारखं नाही.

याद्यांतला क्रम फार पवित्र मानू नका. २०१७ मध्ये ह्यूस्टनने जस्टिन वर्लँडरला मिळवलं (तेव्हा ३१ ऑगस्टपर्यंतही वेगळ्या नियमाने सौदे चालायचे, ती पळवाट २०१९ पासून बंद झाली). मध्यरात्रीला काही सेकंद उरले असताना कागद पोचले. डेट्रॉइटला मिळालेल्या तिघांत सगळ्यात मोठं नाव होतं पिचर फ्रँकलिन पेरेझ. तो दुखापतींनी मागे पडला आणि मोठ्या लीगपर्यंत पोचला नाही. ज्याची सगळ्यात कमी चर्चा होती तो जेक रॉजर्स पुढे डेट्रॉइटचा नियमित कॅचर झाला. वर्लँडर मात्र उरलेल्या हंगामात पाच सामन्यांत पाच विजय, १.०६ ईआरए (नऊ इनिंगांमागे पिचरने दिलेल्या धावा), आणि ह्यूस्टनच्या हाती वर्ल्ड सीरीज. त्या विजेतेपदावर खुणाचोरीचा (समोरच्या कॅचरच्या खुणा चोरून टिपण्याचा) डाग आहे ही गोष्ट वेगळी.

‘प्लेअर टू बी नेम्ड लेटर’ हे शब्द दिसले तर ते पान दुमडून ठेवा. नाव नंतर सांगू, असा त्याचा अर्थ. बहुतेकदा किरकोळ माणूस असतो, पण २०१८ मध्ये टँपा बेने पिट्सबर्गला क्रिस आर्चर दिला तेव्हा टायलर ग्लासनाऊ आणि ऑस्टिन मेडोज मिळाले, आणि नंतर सांगितलेलं नाव होतं शेन बाझ, पहिल्या फेरीत निवडलेला पिचर. आर्चर पिट्सबर्गमध्ये कधीच बहरला नाही. बियाणं विकून बैल आणला आणि बैल बसला, असा सौदा.

पायरी ५: पैसा कोण भरतोय?

ही पायरी पटकन उरकते. खेळाडूबरोबर त्याचा उरलेला पगारही जातो, आणि देणारा संघ त्यातला वाटा उचलायला तयार असेल तर त्याला चांगलं बियाणं मिळतं. २०२३ मध्ये मेट्सनी मॅक्स शर्झरला टेक्सासला दिलं, त्याच्या पगारातले सुमारे साडेतीन कोटी डॉलर स्वतः भरायचं कबूल केलं आणि बदल्यात लुइसान्हेल अकुन्या घेतला, ब्रेव्ह्जच्या अकुन्याचा धाकटा भाऊ. म्हणजे मेट्सनी शर्झर विकला असं म्हणण्यापेक्षा पैसे मोजून होतकरू विकत घेतला, असंच म्हणायला हवं.

जाता जाता: टेक्सासने त्याच आठवड्यात सेंट लुइसकडून जॉर्डन मॉन्टगोमेरीही आणला, कमी गाजावाजात. शर्झर शेवटी शेवटी दुखापतींत अडकला. ऑक्टोबरचं ओझं वाहिलं मॉन्टगोमेरीने, आणि टेक्सासने आपली पहिलीवहिली वर्ल्ड सीरीज जिंकली.

दुसरा आकडा म्हणजे लक्झरी टॅक्सची रेषा: संघाचा एकूण पगार तिच्यावर गेला की कर भरावा लागतो. २०२५ साठी ती २४.१ कोटी डॉलर होती. त्या रेषेच्या जवळ असलेला संघ कधी कधी खेळाडूपेक्षा रेषेकडे बघून निर्णय घेतो. एंजल्सचं २०२३ चं प्रकरण याचा नमुना आहे. शोहेई ओहतानीचा करार त्या वर्षी संपत होता. त्याला द्यायचं नाही, उलट संघ मजबूत करायचा असं ठरवून त्यांनी जुलैच्या शेवटी शिकागोकडून लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ हे दोन पिचर आणले. दोघेही भाड्याचे. दिले ते कॅचर एडगर केरो आणि पिचर काय (Ky) बुश, यादीतले अगदी वरचे दोघे. ऑगस्ट उजाडताच संघ घसरला. जिओलिटोने सहा सामन्यांत ६.८९ ईआरए दिला. महिनाअखेरीस टॅक्सच्या रेषेखाली जाण्यासाठी त्यांनी जिओलिटो, लोपेझसकट सहा जणांना वेव्हरवर, म्हणजे इतर कुणीही पगारासकट उचलून न्यावं म्हणून, सोडलं. क्लीव्हलँडने त्यातले तिघे नुसत्या उरलेल्या पगारावर उचलून नेले. ७३ विजय, ८९ पराभव. डिसेंबरात ओहतानी ७० कोटी डॉलरवर डॉजर्सकडे गेला.

यावर माझं मत जरा वेगळं आहे. ओहतानीसारखा खेळाडू घरात असताना प्रयत्न करणं मला मूर्खपणा वाटत नाही. विकत घेण्याची इच्छा समजू शकतो. पण पहिल्या पायरीवरचं गणित कच्चं होतं आणि चौथ्या पायरीवर दोन चांगली पोती गेली, तीही दोन भाड्याच्या माणसांसाठी. हे त्या रात्रीही वहीत लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही, कारण मलाही ओहतानी ऑक्टोबरात खेळताना बघायचा होता.

पायरी ६: देणाऱ्याकडेही त्याच डोळ्यांनी बघा

देणाऱ्या संघाला ‘हरला’ म्हणायची सवय सोडा. २०१६ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनी, विकण्याची सवय नसलेल्या संघाने, आरोल्डिस चॅपमन हा वेगवान रिलीव्हर शिकागो कब्जला दिला. चॅपमन वर्षअखेर मोकळा होणार होता. बदल्यात आला ग्लेबर टोरेस आणि आणखी तिघे. कब्ज १०८ वर्षांनी वर्ल्ड सीरीज जिंकले. डिसेंबरात यांकीजनी चॅपमनला पैसे देऊन परत आणलं, आणि टोरेस २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल-स्टार झाला. गाय भाड्याने दिली, वासरू घेतलं आणि गायही परत गोठ्यात.

कब्जसाठीही हा सौदा फायद्याचाच, पण दृश्य आठवा: सातवा सामना, आठवी इनिंग, कब्ज पुढे, आणि ज्याच्यासाठी एवढं मोजलं त्या चॅपमनच्या चेंडूवर रजाई डेव्हिसने होम रन मारून बरोबरी साधली. कब्ज दहाव्या इनिंगमध्ये ८-७ ने जिंकले, म्हणून तो चेंडू माफ. चॅपमनवर त्याच वर्षी घरगुती हिंसाचाराच्या धोरणाखाली ३० सामन्यांची बंदी झाली होती, हेही लिहायला हवं. कब्जच्या अनेक चाहत्यांना तो सौदा नकोसा वाटला होता आणि तो हिशोब वॉरमध्ये बसत नाही.

मिलवॉकीचा २०२२ चा सौदा याहून अवघड आहे. गटात पहिल्या क्रमांकावर असताना त्यांनी १ ऑगस्टला आपला क्लोजर (आघाडी राखायला शेवटी येणारा पिचर) जॉश हेडर सॅन डिएगोला दिला. घेणाऱ्याने घ्यावं, देणाऱ्याने द्यावं, इथे आघाडीवरचा संघच देत होता. शेवटी वाइल्ड कार्ड एका विजयाने हुकलं. शिव्या पडायच्या तेवढ्या पडल्या. पण त्या सौद्यात आलेला एस्टेउरी रुइझ त्यांनी डिसेंबरात तीन संघांच्या एका व्यवहारात ओकलंडला दिला आणि विल्यम कॉन्ट्रेरास हा कॅचर मिळवला. पुढची तीन वर्षं, २०२३ ते २०२५, मिलवॉकीने गट जिंकला आणि कॉन्ट्रेरास त्या संघाचा कणा होता. २०२२ च्या चाहत्याला मात्र हे सांगून उपयोग नाही. त्याचा ऑक्टोबर गेला तो गेला.

पायरी ७: तीनदा वाचा, तीन रंगांत

प्रत्येक सौद्यासाठी अर्धं पान ठेवा. डेडलाइनच्या रात्री पहिली नोंद: टक्के, भोक, मुदत, बियाणं, पैसा, आणि एका ओळीत तुमचं मत. ही नोंद नंतर खोडायची नाही. दुसरी ऑक्टोबर संपल्यावर, वेगळ्या रंगाने. तिसरी तीन वर्षांनी. तिन्ही वेगवेगळे प्रश्न विचारतात. पहिली विचारते, निर्णय शहाणपणाचा होता का. दुसरी, फळ मिळालं का. तिसरी, किंमत किती पडली.

या तिन्हींची गल्लत कशी होते त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण डेट्रॉइटचं. ऑगस्ट १९८७ मध्ये त्यांनी ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर अटलांटाकडून आणला आणि मिशिगनमध्येच वाढलेला, डबल-ए मध्ये मार खात असलेला एक २० वर्षांचा पिचर दिला. अलेक्झांडर ९-०, ईआरए १.५३. डेट्रॉइटने टोरांटोला दोन सामन्यांनी मागे टाकून गट जिंकला. त्या पोराचं नाव जॉन स्मोल्ट्झ: २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय), २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. आज सगळे याला फसलेला सौदा म्हणतात. मला ते पटत नाही. अलेक्झांडरशिवाय तो गट त्यांना मिळाला नसता. तिसरी नोंद भयंकर आहे, पण पहिल्या दोन नोंदी तिच्या शाईने पुसायच्या का?

एक तांत्रिक बाब राहिली. डेडलाइननंतरही ३१ ऑगस्टपर्यंत डोळे उघडे ठेवा. त्या तारखेपर्यंत संघात आलेलाच ऑक्टोबरात खेळू शकतो, म्हणून वेव्हरवर सुटलेले, मोकळे केलेले खेळाडू महिनाभर इकडून तिकडे जात असतात.

आणि सोटो. ठरल्याप्रमाणे ते पान उघडतो. पहिली नोंद, २ ऑगस्ट २०२२: ‘महाग, पण तीन ऑक्टोबर. घ्यावाच.’ दुसरी: पॅड्रेस नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत पोचले आणि फिलाडेल्फियाकडून हरले, सोटोची नव्या संघासाठी फलंदाजी .२३६ ची. २०२३ मध्ये ८२-८०, बाद फेरी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी सोटो यांकीजना दिला, म्हणजे तीनपैकी एक ऑक्टोबर विकून टाकला. बदल्यात मायकल किंग आला, ड्रू थॉर्पही आला. तीन महिन्यांनी थॉर्पला पुढे करून त्यांनी डिलन सीज मिळवला. आणि २५ जुलै २०२४ ला सीजने एकही हिट न देता सामना जिंकला. मैदान वॉशिंग्टनचं, समोर नॅशनल्स. सोटो तोवर न्यूयॉर्कमध्ये होता.

वॉशिंग्टनच्या रकान्यात: एब्रम्स २०२४ ला ऑल-स्टार, गोर आणि वूड २०२५ ला. संघ मात्र २०२५ पर्यंत दरवर्षी बाद फेरीच्या बाहेर. शेत हिरवं दिसतंय, मळणी झालेली नाही. तो रकाना अजून पेन्सिलीतच आहे.